उजाडल्यावर सांग

दगा पाटलाच्या कानाची सुरतेच्या गोडादऱ्यात एके काळी ख्याती होती. तिकडे मागांच्या कारखान्याला खातं म्हणतात, आणि खात्यात एकदा चाळीस माग सुरू झाले की माणसाला स्वतःचा खोकला ऐकू येत नाही. त्या धडधडीत हा गडी आपल्या आठ मागांच्या मधोमध उभा राहायचा आणि नुसत्या आवाजावरून सांगायचा, पाच नंबरचा धोटा आज नीट पळत नाही. जाऊन बघावं तर खरंच! शेठ पाहुण्यांना मुद्दाम आणून दाखवायचा. "आ अमारा दगाभाई, मागांचा डॉक्टर," म्हणायचा. दगा मान वर करायचा नाही, पण त्या दिवशी घरी जाताना पावशेर जिलबी घेऊन जायचा.

तर अशा माणसाचे कान गेले. एका दिवसात नाही गेले हो. सत्तावीस वर्षं बारा-बारा तास धडधड सोसून त्यांनी हळूहळू अंग काढून घेतलं. आधी सकाळच्या चिमण्या गेल्या, मग कुकरच्या शिट्ट्या, मग फोन. आता दगाने काय करायला हवं होतं? बायकोला सांगायचं, दवाखाना गाठायचा. पण नाही! ज्याचा कान शेठ पाहुण्यांना दाखवतो, त्याने 'मी बहिरा झालो' हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आठ मागांचे चार करतील ही भीती होतीच वर. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून गडी गप्प बसला.

आणि कोणाला पत्ताही लागला नाही! कारण खात्यात तोंडाने बोलून उपयोगच नसतो. तिथे ओठ हलवायचे नि हात हलवायचे. दोन बोटं कात्रीसारखी चालवली की धागा तुटला, अंगठा तोंडाशी नेला की पाणी. असं बोलण्यात ज्याची हयात गेली, त्याला समोरच्याचे ओठ वाचणं म्हणजे डाव्या हातचा मळ. दगा माणसाच्या तोंडाकडे बघायचा आणि बरोबर उत्तर द्यायचा. माग बिघडला तर आता लोखंडावर तळहात ठेवून ओळखायचा. कोणी फोन हातात दिला की बायकोकडे द्यायचा, "तूच बोल, मला कंटाळा येतो." कोणी पाठमोरं बोललं तर "हां, हां" म्हणून वेळ मारून न्यायची. हे सगळं उजेडात खपून गेलं. अंधारात मात्र ओठ दिसत नाहीत.

आणि पुष्पाबाईला जे काही बोलायचं असायचं, ते अंधारातच.

पुष्पाबाई म्हणजे दगाची बायको. दिवसभर घरी साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम, त्यात स्वयंपाक, पाणी, आल्या-गेल्याचं. दिवसा बोलायला फुरसत कोणाला? दगाची दिवसपाळी असली की रात्री दिवा मालवून ती हळूच विचारायची, "जपनात का?" अहिराणीत म्हणजे झोपलात का. दगा म्हणायचा, "नही. बोल." मग पोरीची शाळा, अमळनेरच्या भावाची खुशाली, शेजारणीचा आगाऊपणा, सगळं एकेक करून निघायचं. तीस वर्षांचा संसार त्या दोघांनी असा दिवा मालवून चालवला होता.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पोरीने, वर्षाने, स्वतःच्या पसंतीने लग्न केलं. मुलगा जवळच्याच कडोदऱ्याचा, जात वेगळी. दगा आठ दिवस धुसफुसला, पुष्पाबाई पोरीच्या बाजूने उभी राहिली, आणि शेवटी वरातीत दगाच सगळ्यांच्या पुढे नाचला. विषय संपला होता. पण त्याच सुमाराला अंधारातलं "नही, बोल" बंद पडलं. पुष्पाबाई विचारायची, "जपनात का?" उत्तर नाही. जरा मोठ्याने विचारायची. उत्तर नाही. माणूस जागा आहे, कूस बदलतोय, आणि उत्तर नाही! महिनाभर तिने वाट पाहिली. मग तिची खात्री झाली की पोरीच्या लग्नावरून ह्याने मनात धरलंय. तीही काही कमी नाही. नाकावर माशी बसू न देणारी बाई. तिने रात्रीचं बोलणं सोडलं. मग दिवसाचंही कामापुरतंच, तेही भाजी हलवता हलवता, पाठ करून. दगाला वाटायचं हीच रागावलीय. का रागावलीस, हे विचारायला जावं तर दिवसा ती पाठ करूनच बोलणार, अंधारात उत्तर ऐकू येणार नाही, आणि पितळ उघडं पडेल. म्हणून तो मूग गिळून बसला.

ह्या संक्रांतीला मात्र हद्द झाली. सगळ्या गल्लीला तिळगुळ वाटून पुष्पाबाई घरात आली आणि दगाच्या हातावर एक लाडू काही ठेवला नाही. ताटात भाकरी वाढली, वांग्याचं भरीत वाढलं, तिळगुळ नाही. संध्याकाळी तो गच्चीवरून खाली आला तर ती पिशवीत साड्या भरत होती. चांगल्या चार साड्या, चष्मा, गोळ्यांचं पाकीट. "कोठे निघनी?" त्याने विचारलं. ती कपाटात तोंड घालून काहीतरी बोलली. दगा म्हणाला, "हां, हां." तिने वळून त्याच्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि पिशवीची चेन ओढली. दगाने साड्या मोजल्या होत्या. चार साड्या घेऊन कोणी पोरीकडे कडोदऱ्याला जात नाही.

आता ह्या चिंधाचं ऐका. चिंधा दगाचा जोडीदार. म्हणजे असं की तेच आठ माग, दिवसा एक चालवणार, रात्री दुसरा, आणि पंधरा दिवसांनी उलट. सत्तावीस वर्षांची दोस्ती, आणि भेट रोजची पाच-दहा मिनिटं, पाळी बदलताना. उत्तरायणला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, खाती दोन दिवस बंद असतात, तेव्हाच काय ते दोघं एका वेळी जागे. त्या दिवशी गच्चीवर पतंगाची फिरकी धरून चिंधा म्हणाला, "दगा, सकाळी सातला तू आत शिरतोस, मी बाहेर पडतो. किंवा मी शिरतो, तू निघतोस. उगवता सूर्य दोघांपैकी कोणाच्याच वाट्याला येत नाही, भो! उद्या आपल्या डोंगरावर जाऊ."

'आपला डोंगर' म्हणजे सोनगडच्या आसपासचा, गावाला जाताना भुसावळच्या गाडीतून दिसणारा. त्याचं खरं नाव दोघांनाही माहीत नाही. माथ्यावर देवीचं देऊळ आहे, चढायला पायऱ्या आहेत, आणि दर खेपेला खिडकीतून बोट दाखवून एकदा वर जायचं ठरतं, एवढंच. चिंधाचा जावई धर्मेंद्र गाडी आणायला तयार झाला. चिंधाची बायको शोभा म्हणाली, मला सोडून गेलात तर बघा! आणि पुष्पाबाईला विचारलं तर तीही चक्क हो म्हणाली. दगाचा जीव जरा भांड्यात पडला. चला, म्हणजे उद्या तरी कुठे जात नाही.

पहाटे तीनला निघाले. गाडीत मिट्ट काळोख. शोभाने मागून विचारलं, "दगाभाऊ, पाय पसरायला जागा आहे ना?" दगाला वाटलं, सूर्य कधी उगवतो असं काहीतरी विचारलं असणार. तो ठामपणे म्हणाला, "सव्वासातला." समोरून एका ट्रकचा उजेड गाडीत शिरला, तेव्हा त्याला दिसलं की सगळे पोट धरून हसताहेत आणि पुष्पाबाई एकटी खिडकीबाहेर बघतेय. मग परत काळोख झाला. दगाने पायथ्यापर्यंत झोपेचं सोंग घेतलं.

पायथ्याशी गाडी लावून धर्मेंद्र सीट मागे करून झोपला. चौघं चढायला लागले. थंडी अशी की दात वाजत होते. चिंधा बॅटरी घेऊन पुढे, त्याच्या मागे शोभा, मग दगा आणि शेवटी पुष्पाबाई. मागच्या दोघांकडे उजेड म्हणून नव्हता; दगा फोन बाळगायचाच नाही, पुष्पाबाईचा घरी चार्जिंगला राहिलेला. चिंधा नि शोभा दोघंही झपाझप चालणारी. बघता बघता ती दोघं पुढे गेली आणि बॅटरीचा उजेड एका वळणाआड दिसेनासा झाला.

दगा चाचपत चढत होता. मागे बायको आहे, ती गप्प असणार, आपणच काहीतरी बोलावं असं त्याला वाटलं. दोन वर्षांत अशी वेळ आली नव्हती. पिशवीचं विचारावं का? पण विचारलं आणि ती सांगायला लागली तर? म्हणून हा शहाणा म्हणाला, "उतरल्यावर सोनगडले गरम भजी खाऊत. भजी चांगली भेटतस." पुढे दहा-बारा पायऱ्या चढला. "मिरचीनी पण भेटतस," म्हणाला. आणखी थोडं चढून, एक पायरी तुटकी लागली म्हणून तिला हात द्यायला तो मागे वळला. हात पुढे केला. हाताला हात लागला नाही.

"ओ वर्षानी माय," त्याने हाक मारली. मग त्याच्या ध्यानात आलं, की ती ओ देत असेल तरी आपल्याला कळणार नाही. ह्या एका विचाराने त्याची पाचावर धारण बसली. ती पडली असेल. ती हाका मारत असेल. ती कदाचित मघापासून हाका मारतेय आणि आपण भजीच्या गोष्टी करतोय! दगा एका बाजूच्या कठड्याला हात लावून खाली उतरायला लागला. तीस वर्षांत त्याने बायकोला नावाने हाक मारली नव्हती. आमच्याकडे तशी पद्धत नाही. आता मात्र तो डोंगर दणाणून सोडत ओरडत सुटला, "पुष्पा! ओ पुष्पा! कोठे शे तू? पुष्पा!"

वीस पायऱ्या उतरला असेल नसेल, मागून कोणीतरी त्याचं मनगट पकडलं.

मागून! म्हणजे तो तिच्या अंगावरून पुढे निघून गेला होता. पायरीच्या कडेला ती बसली होती, आणि हा तिच्याच नावाने ओरडत तिच्याच समोरून गेला होता. दगा मटकन खाली बसला. "ओ देता येस नही का तुले?" तो रडकुंडीला येऊन म्हणाला. तिने काहीतरी उत्तर दिलं. तिचा श्वास त्याच्या गालाला लागला, ऊन ऊन. शब्द एकही आला नाही.

सवयीने त्याच्या ओठावर "हां, हां" आलं होतं. दोन वर्षं त्यावर निभावलं होतं. पण मघाशी हात पुढे केल्यावर जे रिकामं लागलं, ते अजून त्याच्या तळहातावर होतं.

"पुष्पा," तो म्हणाला, "माले ऐकू येस नही. दोन वरीस झाले. खात्यात नाही, घरात नाही, कुठेच नाही. तोंड दिसलं तर मी ओळखतो. अंधारात तू काय काय बोलनी, माले काहीच माहीत नही."

एवढं बोलून तो थांबला. ती गप्प होती की बोलत होती, हेही त्याला कळेना. मग तिने त्याचा हात उचलला आणि आपल्या गालावर ठेवला. गाल ओला होता, आणि आतून हुंदके येत होते. हादरणाऱ्या लोखंडावर हात ठेवून माग कुठे अडलाय ते ओळखणारा माणूस. एवढं त्याला समजलं. तिचा जबडाही हलत होता, म्हणजे ती बोलतही होती, आणि पुष्कळ बोलत होती.

"थांब, थांब," दगा म्हणाला. "आता नको. उजाडल्यावर सांग. मी सगळं ऐकसू. एक शब्द सोडणार नाही."

माथ्यापर्यंत तिने त्याचं मनगट सोडलं नाही. वर देवळाच्या कट्ट्यावर चिंधा आणि शोभा केव्हाचे बसले होते. पूर्वेला डोंगरांच्या कडा दिसायला लागल्या होत्या. "या, या, इकडे बसा, इकडून बरोबर दिसतो," चिंधा जागा करून देत म्हणाला. पण पुष्पाबाईने त्याचं ऐकलं नाही. ती पूर्वेकडे तोंड करून कट्ट्यावर बसली आणि दगाला तिने खांदे धरून आपल्यासमोर बसवलं, तिच्याकडे तोंड, सूर्याकडे पाठ. "अहो वहिनी, त्याला काय दिसणार तिथून?" चिंधा ओरडला.

दगाला जे दिसायचं होतं ते दिसत होतं. आधी नुसता चेहऱ्याचा आकार दिसला. मग कपाळावरचं कुंकू, मग नाक, मग ओठ. शेवटी त्याच्या पाठीला ऊब लागली आणि पुष्पाबाईच्या तोंडावर ऊन पडलं. तिचे डोळे दिपले, पण तिने मान फिरवली नाही. ती बोलायला लागली, खात्यातली माणसं बोलतात तशी, एकेक शब्द सावकाश आणि मोठ्या ओठांनी.

"मन्हं काय चुकनं, हे मी दोन वरीस विचारी राहिनी," ती म्हणाली. "तुम्ही बोलले नाहीत. मला वाटलं, पोरीच्या लग्नाचा राग आहे. काल मी सांगितलं, मी भावाकडे अमळनेरला जाते, कायमची. तुम्ही म्हणालात, हां, हां."

दगाने कपाळावर हात मारून घेतला.

"आणि आता चढताना शेवटचं विचारलं. म्हटलं, एकदा नको जाऊ म्हणा, मी नाही जाणार. तीनदा विचारलं. तर तुम्ही म्हणालात, भजी चांगली भेटतस."

"मिरचीनी पण," दगा खालमानेने म्हणाला. पुष्पाबाईला रडता रडता हसू फुटलं, आणि मग तिला ते आवरेना. तिने त्याच्या दंडावर दोन गुद्दे घातले. "येडा बाप्या! समोरून नाव घेत गेलात माझं! मी इथेच आहे, इथेच आहे म्हणून बोंबलत होते!"

"नको जाऊ," दगा म्हणाला. "पुष्पा, नको जाऊ. आता तीनदा म्हणू का?"

"तीनदा म्हणा."

त्याने तीनदा म्हटलं, चिंधा आणि शोभासमोर, लाज न बाळगता. पुष्पाबाईने पदराची गाठ सोडली. तिच्यात कालचा तिळाचा लाडू होता, एकच, जरा चेपलेला. काल द्यायचा राहिलेला नव्हता, दिलाच नव्हता. तो तिने त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "तिळगुळ घ्या. पण आधी कानाला यंत्र लावायचं, मग गोड बोलायचं."

चिंधा मघापासून आ वासून बघत होता. आता तो उसळला. "अरे, सत्तावीस वर्षांचा जोडीदार मी! मला नाही सांगितलंस? बहिरा झालास आणि मला पत्ता नाही?"

"तुला कसा लागणार पत्ता?" शोभा म्हणाली.

"काय म्हणतेस?"

"बघा," शोभा पुष्पाबाईकडे वळून म्हणाली. "हे घरी असले की टीव्ही पार गल्लीच्या टोकाला ऐकू जातो. मला वाटायचं मिजास आहे."

चिंधाचा चेहरा पडला. दगा त्याच्या ओठांकडे बघत होता, आणि चिंधा दगाच्या. दोघंही सत्तावीस वर्षं एकमेकांच्या ओठांकडेच बघत आले होते. "मला वाटलं मी एकटाच," चिंधा शेवटी पुटपुटला. पुटपुटला तरी दगाला ते बरोबर समजलं. मग चौघंही असे हसत सुटले की देवळातला पुजारी बाहेर येऊन बघून गेला. सूर्य चांगला हातभर वर आला होता. दगाने तेव्हा कुठे मागे वळून पाहिलं. "बरा आहे," म्हणाला.

उतरताना सोनगडला भजी खाल्ली, मिरचीची पण. घरी आल्यावर पिशवीतल्या साड्या पुन्हा कपाटात गेल्या. पुढच्या आठवड्यात दोघा जोडीदारांनी एकाच दिवशी सुट्टी मागितली, तेव्हा शेठ चक्रावला. दगाने खरं ते सांगून टाकलं. "कान गेलेत शेठ. पण दोन वर्षं गेलेलेच होते. माग चालले की नाही?" शेठने आठही मागांवरून नजर फिरवली. मग म्हणाला, "चाल्या तो खरा," आणि आठही माग त्याच्याकडेच राहिले. सरकारी दवाखान्यात दोघांची तपासणी झाली, नंबर लागला, यंत्र मिळायला दोन महिने लागतील म्हणाले.

ते दोन महिने दगाच्या घरातला दिवा काही मालवला गेला नाही. पुष्पाबाईकडे दोन वर्षांचं बोलणं साठलेलं होतं. ती दिव्याखाली बसून सांगायची आणि हा उशीवर कोपर टेकून तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. शेजारणी चेष्टा करायच्या, ह्या वयात काय हो वहिनी, दिवा लावून! पुष्पाबाई म्हणायची, जळतंय कोणाचं?

यंत्र आलं ते होळीनंतर. दोन्ही कानांत इवलीशी बटणं. दगा दिवसभर दचकत होता. भांडं पडलं की दचकायचा, स्वतःच्या चपलेच्या आवाजाला दचकायचा. संध्याकाळी चिमण्या ओरडल्या तेव्हा मात्र तो अंगणात जाऊन उभा राहिला, कितीतरी वेळ.

जेवणं झाली. पुष्पाबाईने भांडी आवरली, अंथरूण घातलं, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा दिवा मालवला. खोलीत काळोख झाला. आधी तिने पांघरूण सारखं केलं; धीर होत नव्हता तिचा. मग नेहमीपेक्षाही हळू आवाजात तिने विचारलं, "जपनात का?"

"नही," दगा म्हणाला. "बोल."